तात्पुरत्या हिवाळी बोट-शेडमधली ओल : छतातून ठिबकणारे पाणी आणि न सुकणारे रेझिन

थंडीच्या दिवसांत बोटीच्या दुरुस्तीसाठी लाकडी कमानींवर प्लॅस्टिक किंवा ताडपत्री ताणून उभारलेल्या शेडमध्ये एकच बिघाड निरनिराळी रूपे घेऊन समोर येतो, आणि प्रत्येक रूप वेगळ्या आजारासारखे वाटत असल्यामुळे माणूस भलत्याच ठिकाणी उपाय करत बसतो. मी स्वतः अनेक हिवाळे हा बिघाड दुरुस्त करत आलो आहे आणि इतरांच्या शेडमध्येही तोच पाहिला आहे. खालीलपैकी दोन-तीन लक्षणे एकत्र दिसत असतील, तर दोष रेझिनच्या (लावल्यावर घट्ट होणाऱ्या चिकट द्रवाच्या) डब्यात किंवा छताच्या शिवणीत शोधण्याआधी शेडमधल्या उष्णतेचा आणि ओलीचा हिशेब तपासावा.

लक्षणे

- पाऊस किंवा बर्फ पडत नसतानाही छताच्या आतल्या बाजूने थेंब गळतात. पहाटे छताला आतून बर्फाचा पातळ थर दिसतो आणि ऊन चढू लागले की तोच वितळून बोटीवर ठिबकू लागतो.
- थर्मामीटर १८ अंश सेल्सिअस दाखवतो, हवाही उबदार वाटते, पण बोटीच्या अंगाला हात लावला तर तो ओला होतो. ही ओल तळाजवळ आणि कीलच्या, म्हणजे बोटीच्या तळाच्या मध्यावरच्या जड कण्याच्या, दोन्ही बाजूंना सर्वांत जास्त असते.
- इपॉक्सी, म्हणजे हार्डनर हा दुसरा घटक मिसळला की घट्ट होणारे रेझिन, दुसऱ्या दिवशीही चिकट राहते. किंवा टणक होते, पण वर मेणासारखा बुळबुळीत थर येतो आणि पॉलिश पेपर दोन-चार हातांतच भरून जातो.
- वॉर्निश संध्याकाळी चकचकीत दिसते आणि सकाळी दुधाळ, निस्तेज झालेले असते.
- पटाशी, रंधा, करवत यांच्यावर एका रात्रीत गंज चढतो आणि शेडच्या कोपऱ्यात रचलेल्या फळ्यांवर बुरशी दिसते.
- याच्या अगदी उलट, फळ्यांच्या जुन्या बोटीचे सांधे उघडू लागतात. हे लक्षणही याच हिशेबातले आहे, फक्त त्यात उष्णता जास्त आणि ओल कमी झालेली असते.

हे का घडते

हवा जितकी उबदार, तितकी तिच्यात जास्त वाफ सामावते. ० अंशाला १ घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ४.८ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात राहू शकते, १० अंशांना ९.४ ग्रॅम आणि २० अंशांना १७.३ ग्रॅम. उबदार, दमट हवा एखाद्या थंड पृष्ठभागाला लागली की तिथे ती निवते, तिची वाफ धरून ठेवण्याची ताकद कमी होते आणि उरलेले पाणी त्या पृष्ठभागावर उतरते. ज्या तापमानाला हे घडते त्याला दवबिंदू म्हणतात. १८ अंश तापमान आणि ६० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू सुमारे १० अंश असतो. म्हणजे त्या हवेत ८ अंशांचे बोटीचे अंग ओले होणारच, मग शेड कितीही ऊबदार वाटो.

म्हणून या शेडमध्ये हवेच्या तापमानापेक्षा दोन आकडे जास्त महत्त्वाचे असतात : बोटीच्या पृष्ठभागाचे तापमान आणि हवेचा दवबिंदू. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा किमान ३ अंशांनी वर असेल तरच रंग किंवा रेझिन लावावे, हा रंगकामातला रूढ नियम आहे आणि तो मी कधीही मोडत नाही. पुढच्या सगळ्या तपासण्या या ३ अंशांसाठीच आहेत. त्या स्वस्त आणि सोप्यापासून सुरू होतात. क्रम मोडून थेट मोठा हीटर आणणे ही या बिघाडातली सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे.

पहिली तपासणी : आधी मोजा

एक साधा आर्द्रतामापक आणि दोन-तीन थर्मामीटर एवढ्यावर सुरुवात होते. स्वस्त आर्द्रतामापक पाच-दहा टक्क्यांनी चुकू शकतो, म्हणून त्याची आधी परीक्षा घ्यावी. एका झाकणात मीठ घेऊन त्यात ते विरघळणार नाही, फक्त चिखलासारखे ओले होईल इतकेच पाणी घालावे, ते झाकण आणि मापक एका हवाबंद डब्यात शेजारी-शेजारी ठेवावेत आणि घरातल्या तापमानाला रात्रभर तसेच राहू द्यावेत. ओल्या मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक ८१ दाखवत असेल, तर तो ६ टक्के जास्त दाखवतो असे त्याच्यावर लिहून ठेवावे.

दवबिंदू काढायला तक्ता जवळ नसेल तर एक ढोबळ नियम उपयोगी पडतो : सापेक्ष आर्द्रता १०० पेक्षा जितकी कमी, त्याच्या दर ५ टक्क्यांमागे हवेच्या तापमानातून १ अंश वजा करावा. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेपर्यंत हा नियम कामापुरता बरोबर येतो.

पृष्ठभागाचे तापमान मोजताना लेझरचा ठिपका टाकणारे इन्फ्रारेड थर्मामीटर सोयीचे असते, मात्र उघड्या, चकचकीत धातूवर ते खोटे बोलते. शिशाच्या कीलवर किंवा ॲल्युमिनियमवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून, तो त्या धातूइतका थंड होईपर्यंत थांबून, टेपवर मोजावे. मोजण्याच्या जागाही ठरलेल्या असाव्यात : कीलजवळ, बोटीच्या अंगाच्या मध्यावर, छताजवळ आणि जमिनीजवळ. एकाच उंचीवर मोजणाऱ्याला शेडमधला फरक कळत नाही. उबदार हवा छताशी जाऊन बसते आणि कील थंडच राहते. तीन दिवस सकाळ, दुपार आणि रात्री हे आकडे वहीत लिहिले, तर निम्म्या वेळा कारण त्या वहीतच दिसते. पृष्ठभाग दवबिंदूच्या वर असूनही थेंब पडत असतील, तर छताला खरोखरच भोक आहे, आणि मग पुढचे काही वाचण्याची गरज नाही.

दुसरी तपासणी : जमीन

शेड मातीवर, खडीवर किंवा गवतावर उभी असेल, तर जमीन रात्रंदिवस वाफ सोडत असते. छत असल्यामुळे जमीन कोरडी झाली, असे वाटते; प्रत्यक्षात छताने तिची वाफ अडवून ठेवलेली असते. जुन्या काँक्रीटच्या फरशीतूनही ओल वर येते.

पारदर्शक प्लॅस्टिकचा सुमारे अर्धा मीटर लांब-रुंद तुकडा जमिनीवर पसरून त्याच्या चारही कडा टेपने किंवा वजनांनी पक्क्या दाबाव्यात आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. थेंब प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूला असतील तर ओल जमिनीतून येते आहे. वरच्या बाजूला असतील तर हवेतली वाफ थंड जमिनीवर उतरते आहे. दोन्ही बाजूंना असतील तर दोन्ही कारणे आहेत.

उपाय स्वस्त आहे. जाड पॉलिथिनचा कागद, शक्यतो ०.१५ मिलिमीटर किंवा त्याहून जाड, भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरावा, जोडांवर किमान हातभर एकावर एक येऊ द्यावा आणि जोड टेपने बंद करावेत. बोटीच्या टेकूंच्या आणि खाली लावलेल्या ठोकळ्यांच्या भोवती कागद कापून नीट बसवावा. टेकू हलवून कागद घालण्याचा मोह टाळावा. कागदावर प्लायवूडच्या फळ्या टाकल्या तर तो फाटत नाही आणि पायही घसरत नाही. माझ्या अनुभवात एवढ्या एका कामाने जितका फरक पडतो, तितका दुप्पट ताकदीच्या हीटरनेही पडत नाही.

तिसरी तपासणी : बोटीच्या पोटातले पाणी

बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या पोटातल्या सर्वांत खालच्या भागात, चार बोटे पाणी उरले असेल, तर शेड तापवताना तुम्ही ते पाणी सावकाश उकळत ठेवल्यासारखेच आहे. फळीखाली, टाकीखाली, इंजिनाच्या बैठकीत आणि आडव्या पाट्यांच्या मधल्या कप्प्यांत हात घालून पाहावे. एका कप्प्यातून दुसऱ्यात पाणी जाण्यासाठी ठेवलेली लहान भोके गाळाने बुजलेली असतात, ती तारेने मोकळी करावीत. पाणी स्पंजने शेवटच्या थेंबापर्यंत टिपावे, सगळ्या झडपा, फळ्या आणि कपाटांची दारे उघडी ठेवावीत आणि पोटातली हवा फिरती राहावी म्हणून एक लहान पंखा आत लावावा.

ओल्या गाद्या, दोर, शिडे आणि बर्फाने माखलेली ताडपत्री शेडबाहेर ठेवावी. पाणी वापरून घासायचे काम असेल, तर त्या दिवशी रेझिनचे काम ठेवू नये. काम करणारा माणूसही श्वासातून आणि घामातून तासाला ५० ते १०० ग्रॅम पाणी हवेत सोडतो, ते टाळता येत नाही. पण हिशेबात धरावे.

चौथी तपासणी : हवा जाण्या-येण्याची वाट

उष्णता वाया जाऊ नये म्हणून प्रत्येक फट टेपने बंद केलेली शेड मी अनेकदा पाहिली आहे, आणि तिच्यातच सर्वांत जास्त पाणी ठिबकत असते. बाहेरची थंड हवा ‘दमट’ वाटते, पण तिच्यातले पाणी प्रत्यक्षात थोडे असते. ० अंशाच्या आणि ९० टक्के आर्द्रतेच्या बाहेरच्या हवेत घनमीटरमागे सुमारे ४.४ ग्रॅम पाणी असते. आत १८ अंश आणि ६० टक्के असेल तर सुमारे ९.२ ग्रॅम. म्हणजे आतली १ घनमीटर हवा बाहेर गेली आणि तिच्या जागी बाहेरची आली, की जवळपास ५ ग्रॅम पाणी शेडमधून कायमचे जाते. तीच बाहेरची हवा आत येऊन १८ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली उतरते. थोडी उष्णता खर्चून इतकी कोरडी हवा मिळत असेल, तर तो खर्च करावाच.

एका टोकाला जमिनीलगत आणि दुसऱ्या टोकाला छताच्या माथ्याजवळ वितभर रुंदीचे झरोके ठेवावेत. एकाच उंचीवरचे दोन झरोके फारसे काम करत नाहीत, कारण उबदार, वाफेने भरलेली हवा वर जमते आणि तिला वरूनच वाट लागते. झरोक्याला आतून झडप लावावी, कारण एक दिवस असा येतो की हा सगळा नियम उलटा होतो. आठवडाभर कडक थंडी पडल्यावर अचानक उबदार, पावसाळी वारा सुटतो. बाहेरची हवा ९ अंशांची आणि पाण्याने भरलेली असते, तर बोट अजून २ अंशांवरच असते. त्या दिवशी झरोके उघडे राहिले तर बाहेरची वाफ आत येऊन बोटीच्या अंगावर धारा धरते. हवामान बदलण्याची चिन्हे दिसताच झडपा बंद कराव्यात, बोट हळूहळू तापवायला सुरुवात करावी आणि ती बाहेरच्या दवबिंदूच्या वर गेल्यावरच झरोके उघडावेत.

पाचवी तपासणी : हीटर काय जाळतो आहे

ओलीच्या तक्रारीसाठी मला बोलावले जाते, तेव्हा शेडमध्ये पाऊल टाकताच मी सर्वांत आधी हीटरकडे पाहतो. धुराडे नसलेला गॅसचा किंवा केरोसीनचा हीटर आत जळत असेल, तर दोषी बहुतेक वेळा तोच असतो. गॅस किंवा तेल जळताना उष्णतेबरोबर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. १ किलो प्रोपेन जळाला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होते. १ लिटर केरोसीन जळाले की सुमारे १ लिटर. आता १० मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी अडीच मीटर उंच शेड घ्या. तिच्यात १०० घनमीटर हवा मावते आणि १८ अंशांना ती सगळी हवा पूर्ण भरली तरी तिच्यात दीड किलोच वाफ राहू शकते. १० किलोवॅटचा प्रोपेन हीटर सव्वा ते दीड तासात १ किलो गॅस जाळतो. म्हणजे झरोके बंद असतील, तर एवढ्या वेळात तो हीटर एकटाच त्या शेडला पुरून उरेल इतके पाणी हवेत ओततो, आणि आपण समजतो की तो शेड वाळवतो आहे.

इपॉक्सीवरचा मेणासारखा थरही इथूनच येतो. अनेक हार्डनरमधला अमाइन हा घटक हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी जुळून तो थर तयार करतो, आणि उघडी ज्योत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पुरवते. थंडीत रेझिन सावकाश घट्ट होते, त्यामुळे या क्रियेला वेळही भरपूर मिळतो.

याहून गंभीर बाब जिवाची आहे. बंद जागेत ज्योतीला प्राणवायू कमी पडू लागला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे आणि न कळत येणारी झोप हीच त्याची ओळख आहे, आणि दिवसभर रेझिनच्या वासात काम केलेला माणूस ती लक्षणे त्या वासावर ढकलतो. धुराडे नसलेला हीटर बंद शेडमध्ये वापरू नये. धुराड्याचा हीटर असला तरी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा. अलार्म वाजला किंवा ही लक्षणे जाणवली, तर हीटर बंद करायलाही आत थांबू नये; सर्वांनी मोकळ्या हवेत जावे आणि आपत्कालीन मदत बोलवावी.

ॲसिटोनची वाफ गोठणाऱ्या थंडीतही पेट घेऊ शकते, आणि ती हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरत हीटरपर्यंत पोहोचते. त्यामुळे सॉल्व्हंट, स्टायरिन असलेले पॉलिएस्टर रेझिन किंवा रंग उघडलेला असताना शेडमध्ये ज्योत, तापून लाल होणारी तार किंवा ठिणगी पडणारी मोटर चालू असता कामा नये. आधी तापवा, मग हीटर बंद करा, मग डबा उघडा.

आत वापरायला सर्वांत निर्धोक उष्णता म्हणजे विजेची, किंवा जळण बाहेर ठेवून फक्त तापलेली कोरडी हवा नळातून आत सोडणाऱ्या यंत्राची. अशी उष्णता हवेत पाण्याचा एक थेंबही वाढवत नाही.

सहावी तपासणी : तापवण्याची वेळ आणि जागा

हवा अर्ध्या तासात तापते. फायबरग्लासच्या जाड अंगाला काही तास लागतात, आणि शेकडो किलो वजनाच्या शिशाच्या किंवा लोखंडाच्या कीलला एक-दोन दिवसही लागू शकतात. सकाळी येऊन हीटर पूर्ण ताकदीने लावला की हवा आणि बोट यांच्यातला फरक सर्वांत जास्त होतो, नेमका त्याच वेळी जमिनीवरचा आणि छतावरचा बर्फ वितळून वाफ वाढते, आणि बोटीला घाम सुटतो. म्हणून जोराची उष्णता थोडा वेळ देण्यापेक्षा मंद उष्णता सतत द्यावी. रात्रभर शेड १० अंशांवर ठेवणे हे सकाळी ५ वरून २० वर नेण्यापेक्षा बोटीसाठी कधीही चांगले. अर्थात राखणीशिवाय रात्रभर चालणारा हीटर त्याच वापरासाठी बनवलेला, पडला तर आपोआप बंद होणारा आणि कापड-प्लॅस्टिकपासून दूर बसवलेला असला पाहिजे.

त्याहून पुढची पायरी म्हणजे सगळी शेड तापवण्याचा हट्ट सोडणे. जिथे पॅच लावायचा आहे, तेवढ्याच भागाभोवती इन्सुलेशनच्या शीटचा किंवा जाड कापडाचा लहान तंबू करावा आणि त्यात मंद विजेची उष्णता सोडावी. कामाच्या जागेचे तापमान आदल्या दिवसापासून वर आणता येते आणि रेझिन घट्ट होईपर्यंत टिकवता येते. साधारणपणे तापमान १० अंशांनी उतरले की इपॉक्सीला घट्ट व्हायला दुप्पट वेळ लागतो, त्यामुळे संध्याकाळी काम संपवून उष्णता काढून घेणे म्हणजे थर चिकट राहण्याची सोय करणे होय. थंडीत पॉलिएस्टरमध्ये सांगितल्यापेक्षा जास्त कॅटॅलिस्ट (ते घट्ट करणारे रसायन) टाकून वेळ भरून काढू नये; तापमान वाढवावे. इपॉक्सीत तर हार्डनरचे प्रमाण किंचितही बदलू नये.

डबेही उबदार ठेवावेत. थंड रेझिन मधासारखे दाट होते, मोजणीच्या पंपातून अपुरे येते आणि प्रमाण चुकते. चिकट राहिलेल्या अनेक थरांचे खरे कारण हे असते आणि दोष मात्र हवेला दिला जातो. रेझिन डब्यात दुधाळ किंवा रवाळ झाले असेल तर ते खराब झालेले नसते, थंडीने त्याचे स्फटिक झालेले असतात. डबा सुमारे ५० अंशांच्या पाण्यात ठेवून ढवळल्यावर ते पुन्हा स्वच्छ होते.

उघड्या लाकडाला लावताना एक बारकावा पाळावा. लाकूड तापत असताना त्याच्या छिद्रांतली हवा प्रसरण पावून बाहेर येते आणि थरात बुडबुडे उठतात. आधी लाकूड तापवावे, उष्णता थोडी कमी करावी आणि ते निवू लागले असताना पहिला थर द्यावा, म्हणजे रेझिन आत ओढले जाते. ते निवताना दवबिंदूच्या वरचे ३ अंश मात्र सोडू नयेत.

थर आधीच बिघडला असेल तर घाईने पॉलिश पेपर मारू नये. टणक झालेल्या इपॉक्सीवरचा मेणचट थर पाण्यात विरघळतो. तो कोमट पाण्याने आणि खरखरीत घासणीने धुऊन, स्वच्छ कापडाने पुसून, मगच घासावे. न धुता घासले तर तो थर खोल चोळला जातो आणि पुढचा थर सोलून निघतो. दोन दिवस योग्य उष्णता देऊनही इपॉक्सी चिकटच राहिली, तर प्रमाण चुकलेले आहे. ती खरवडून काढण्याला पर्याय नाही, वर नवा थर देऊन ती झाकू नये.

सातवी तपासणी : आवरणाचा एकच थर

एकेरी प्लॅस्टिकची आतली बाजू जवळपास बाहेरच्या हवेइतकीच थंड असते, त्यामुळे तिच्यावर पाणी जमणे अटळ आहे. आतून दुसरा थर लावून दोहोंमध्ये दोन-चार बोटांची स्थिर हवा ठेवली, की आतला पृष्ठभाग कित्येक अंशांनी उबदार होतो आणि उष्णतेचा खर्चही बराच उतरतो. दोन थर एकमेकांना चिकटले तर काहीच उपयोग नाही, म्हणून मध्ये पट्ट्या ठोकाव्यात. आतल्या थराचे जोड टेपने बंद करावेत, नाहीतर वाफ पोकळीत शिरून तिथे थिजते. माथा उतरता ठेवावा, म्हणजे जे थोडे पाणी जमेल ते बोटीवर न पडता भिंतीकडे ओघळेल.

आठवी तपासणी : ओल शोषणारे यंत्र

डीह्युमिडिफायर इतका उशिरा यावा, कारण उघड्या मातीवरच्या शेडमध्ये तो जमिनीतले पाणी उपसत बसतो. तो चालू असताना झरोके बंद ठेवावे लागतात, हेही लक्षात घ्यावे. थंड नळ्यांवर पाणी जमवणारी साधी यंत्रे १५ अंशांखाली मंदावतात आणि त्याहून थंड जागेत त्यांच्या नळ्यांवर बर्फ धरतो. शोषक पदार्थाची फिरती चकती असलेले यंत्र ० अंशाच्या जवळही काम करते आणि थोडी उष्णताही देते. थंड शेडसाठी तेच घ्यावे.

लाकडी बोटीत मात्र आकडा पाहून थांबावे. २० अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेत लाकडातली ओल सुमारे १२ टक्क्यांवर स्थिरावते, ३० टक्के आर्द्रतेत ती ६ टक्क्यांपर्यंत उतरते. इतके वाळलेले लाकूड आकसते, सांधे उघडतात, आणि बोट पुन्हा पाण्यात गेल्यावर फळ्या फुगून एकमेकींना रेटतात. लाकडी बोटीच्या शेडमध्ये मी आर्द्रता ६० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान ठेवतो आणि फक्त चिकटवण्याच्या जागी, लहान तंबूत, ती खाली आणतो.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

वीज : हीटर, पंखा आणि ओल शोषणारे यंत्र एकाच एक्स्टेन्शनवर लावू नये. गुंडाळलेली केबल पूर्ण उलगडावी, नाहीतर ती आतून तापते. प्लग किंवा सॉकेट हाताला गरम लागले, एमसीबी पुन:पुन्हा पडला किंवा गळतीचा प्रवाह तोडणारा आरसीसीबी एकदाही पडला, तर तो नुसता वर करून काम पुढे चालवू नये. ओली जमीन आणि धातूची बोट असलेल्या जागेत तो कारणाशिवाय पडत नाही. वीजतज्ज्ञ येईपर्यंत पुरवठा बंद ठेवावा.

गॅस आणि धुराडे : गॅसचा वास, ज्योत पिवळी होऊन काजळी धरणे, धुराडे उलटा धूर आत टाकणे, यांपैकी काहीही झाले तर स्वतः नळ्या उघडू नयेत.

सांगाडा : ओला बर्फ ताज्या भुरभुरीत बर्फाच्या कित्येक पट जड असतो. कमानी वाकलेल्या दिसल्या, जोड करकरू लागले किंवा दार अडकू लागले, तर आत जाऊन टेकू लावण्याचा प्रयत्न करू नये. बाहेरूनही छताखाली उभे राहू नये. बोटीचा एखादा टेकू सैल झाला असेल तर तो बोटी उचलणाऱ्या माणसांचे काम आहे.

दोन घटकांचे पॉलीयुरेथेन रंग : त्यांच्यातला आयसोसायनेट ओलीशी जुळून थरात बुडबुडे करतो, ते एक वेळ घासता येतील, पण त्याची फवारणी फुप्फुसांना कायमचा त्रास देऊ शकते आणि साधा मास्क तिथे पुरत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि त्याचा अनुभव नसेल तर ही फवारणी दुसऱ्याकडून करून घ्यावी.

आणि शेवटी बोटीचे अंगच : वरच्या सगळ्या गोष्टी जागेवर आहेत, वहीतले आकडे दोन आठवडे चांगले आहेत, आणि तरीही एकच जागा ओली राहते, ठोकल्यावर बद्द आवाज देते किंवा पायाखाली दबते, तर पाणी हवेतून आलेले नाही. ते दोन थरांच्या मधल्या बाल्सा लाकडात किंवा फोममध्ये साठले आहे, आणि वरून कितीही उष्णता दिली तरी ते निघणार नाही. जास्त तापवले तर थर सुटण्याचाच धोका असतो. अशा वेळी बोटींची तपासणी करणाऱ्या सर्व्हेयरला बोलवावे आणि त्याच्या हाती ती वही द्यावी. तापमान, आर्द्रता आणि जागा यांच्या नोंदी समोर असतील, तर कुठे उघडायचे हे तो कमीत कमी भोके पाडून ठरवू शकतो.